सगळं मोतिया असलेल्या घरात विटकरी रंग आणताना

आमचं घर पुण्यात, कोथरूडमधल्या वीसेक वर्षं जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन बेडरूम, साडेसातशे चौरस फूट कार्पेट. बिल्डरने दिलेल्या आयव्हरी टाइल्स, मोतिया भिंती, आणि त्यात आम्हीच हौसेने भर घातलेला बदामी सोफा नि त्याच जातीचे पडदे. फोटोत घर छान यायचं. पण २०२४ च्या पावसाळ्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, बाल्कनीच्या उंबऱ्याला अडखळायला लागले. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शस्त्रक्रिया साखर आटोक्यात आल्यावरच होणार होती. हॉलची फरशी आयव्हरी, उंबरा आयव्हरी, पलीकडे बाल्कनीची फरशीही आयव्हरी. तिथे पायरी आहे हे त्यांना कळणार तरी कसं? नेत्रतज्ज्ञ बाईंनी तपासता तपासता विचारलं, "घर सगळं पांढरं आहे का?" आणि म्हणाल्या, तोवर घरात रंगांचा फरक आणा, उजेड वाढवा.

रंग आणायचा म्हणून शोधायला बसलं की सोफ्यावरच्या दोन मोरपंखी उशांचे फोटो मिळतात. सोसायटीची परवानगी, भिंतीची ओल, पेंटरच्या तारखा, हिशेब, यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हे सविस्तर.

ऑगस्टच्या शेवटी पहिल्यांदा रंगकामाच्या मुकादमाला बोलावलं. त्याने पश्चिमेच्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, आत्ता रंग लावला तर दिवाळीला पोपडे धरतील." ओल बाहेरच्या भेगेतून येत होती. हे माहीत असू द्या: सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची अशी बाहेरून होणारी गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे, खर्चासकट. मी फोटो लावून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. तोंडी सांगितलेलं पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. दोरीवरून उतरणाऱ्या माणसांनी भेग भरली ती परतीचा पाऊस थांबल्यावरच. त्यानंतर भिंत वाळली की नाही हे बघायची एक साधी रीत मुकादमाने सांगितली. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतल्या बाजूला दव धरलं असेल तर थांबायचं.

या वाट बघण्याचा एक फायदा झाला. रंग निवडायला निवांत वेळ मिळाला.

सुरुवात फरशीपासून केली, कारण ती बदलणार नव्हती. आमच्या आयव्हरी टाइलमध्ये किंचित गुलाबी झाक आहे, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. कोरा पांढरा कागद शेजारी ठेवल्यावर लगेच दिसलं. तुम्हीही करून बघा, कुठल्याही 'पांढऱ्या' वस्तूची खरी जात अशीच कळते. दुकानात शेडकार्डावर पांढऱ्याच्याच कितीतरी पट्ट्या असतात, काही पिवळ्याकडे झुकणाऱ्या, काही हिरव्याकडे, काही करड्याकडे. हिरव्या झाकेची पट्टी आमच्या फरशीजवळ धरली की भिंत आजारी दिसायची. शेवटी सायीसारखा, अगदी थोडा पिवळसर असा एक पक्का केला. ठळक रंग निवडायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ या पांढऱ्याला लागला, आणि तो लागायलाच हवा. भिंतींचा नव्वद टक्के भाग तोच असतो आणि पैसेही त्यातच जातात.

आता ठळक रंग. लेकीला मोरपंखी हवा होता. मला हळदी. तिसरा विटकरी. दुकानातून नमुन्याचे छोटे डबे आणले, प्रत्येकी दोनशेच्या आसपास पडले. भिंतीवर ठिपके न लावता ड्रॉइंगच्या जाड कार्डशीटवर दोन-दोन हात मारले, म्हणजे तेच कार्ड हॉलमध्ये, पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दारापाशी फिरवता येतं. शिवाय ठिपक्यांभोवतीचा जुना रंग नजरेला फसवतो, तेही टळतं.

संध्याकाळी सातच्या सुमारास तिन्ही कार्डं बाथरूमच्या दाराच्या चौकटीला लावली. बाबा त्यांच्या खुर्चीत, दहाएक फुटांवर.

"ही काळी पाटी कशाला लावलीय?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, मोरपंखी आहे ते!"

"असेल."

हळदी कार्ड त्यांना दिसलंच नाही. तिथे काही लावलंय असंच त्यांना वाटलं नाही. तिसऱ्या, विटकरी कार्डाकडे बघून म्हणाले, "हा लाल दिसतोय. एसटीसारखा."

यामागचं कारण नेत्रतज्ज्ञ बाईंनी पुढच्या भेटीत समजावलं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर-तपकिरी होत जातं आणि निळा उजेड अडवतं. त्यामुळे गडद निळा, बाटलीचा हिरवा, काळा हे सगळे एकाच ढिगात जातात. आणि मोतिया भिंतीवर हळदी रंग आपल्याला वेगळा दिसतो तो त्याच्या छटेमुळे; उजळपणात दोघांत फार फरक नसतो. धूसर नजरेला छटेपेक्षा हा उजळ-गडद फरकच जास्त उपयोगी पडतो. रंगकंपन्या प्रत्येक शेडचा एलआरव्ही नावाचा आकडा देतात, तो रंग किती उजेड परत फेकतो हे सांगणारा. काळ्याचा शून्य, पांढऱ्याचा शंभर. ब्रिटनमध्ये सर्वांना वावरता येतील अशा इमारतींसाठी जे मानक आहे, त्यात लागून असलेल्या पृष्ठभागांमध्ये तीस गुणांचा फरक ठेवायला सांगितलंय. आमची भिंत सत्तरीच्या पुढे, विटकरी पंधरा-सोळाच्या आसपास. भरपूर झालं. आकडा मिळाला नाही तर मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करायचा. दोन रंग एकमेकांत विरघळले तर ते वयस्कर डोळ्यांसाठी कामाचे नाहीत.

लेक थोडी रुसली. मोरपंखी तिच्या खोलीत, तिच्या टेबलापाशी, असं ठरलं.

दिव्यांचं मात्र आधीच उरकून घ्या, रंग पक्का करण्यापूर्वी. आमच्याकडे सगळीकडे ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर) पांढऱ्याफटक ट्यूबा होत्या आणि त्यांच्याखाली विटकरी कार्ड चक्क काळपट, शिळ्या काळजाच्या रंगाचं दिसत होतं. तपकीर गल्लीतून ४००० केल्विनच्या पट्ट्या आणल्या. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० किंवा जास्त लिहिलेल्या मागा. दुकानदार आधी "सगळं सारखंच असतं" म्हणतो, मग आतून काढून देतो. उबदार उजेडाच्या नादात ३००० वर जाऊन उजेडच कमी करून ठेवणारे बरेच असतात. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड जास्त लागतो, म्हणून आम्ही लुमेन, म्हणजे दिव्याचा एकूण उजेड, वाढवले. हा खर्च २,६०० रुपये.

आणखी एक गंमत याच सुमाराला कळली. विटकरी कार्ड बाजूला असलं की आमचा निवडलेला सायीचा पांढरा किंचित हिरवट वाटायचा, कार्ड काढलं की पुन्हा ठीक. दोन रंग शेजारी आले की एक दुसऱ्याला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो. पॅरिसच्या गोब्लाँ या भिंतीवरचे नक्षीदार पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईची जबाबदारी असलेल्या शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हे १८३९ साली सविस्तर मांडलं होतं. त्याच्याकडे तक्रार आली होती ती काळा रंग फिका पडतो म्हणून, आणि दोष निघाला शेजारच्या धाग्यांच्या रंगाचा. तात्पर्य काय, तर भिंतीचा रंग आणि ठळक रंग एकत्र धरूनच बघा. आम्ही पांढरा आणखी एक पट्टी पिवळसर घेतला.

७ ऑक्टोबरला सोसायटीत कामाचा अर्ज दिला. त्यासोबत काय काय लागलं: कामाचं स्वरूप, अंदाजे तारखा, मुकादमाचा फोन, कामगारांच्या आधारच्या प्रती, आणि पाच हजारांचं परत मिळणारं डिपॉझिट, चेकने. समितीची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते, पण आदल्या दिवशी दसरा असल्याने ती पुढच्या रविवारवर गेली. परवानगीचं पत्र हातात पडलं २४ तारखेला. अटी अशा: काम सकाळी साडेनऊ ते सहा, दुपारी दोन ते चार घासकाम-ठोकाठोक बंद, रविवारी सुट्टी, सामान मागच्या लिफ्टने, राडारोडा ज्याचा त्याने न्यायचा.

पत्रात दोन गोष्टी अडकल्या. बाल्कनीची आतली भिंत विटकरी करायचं माझ्या मनात होतं, पण ती रस्त्यावरून दिसते, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग. तिचा रंग बदलायला मनाई. सेक्रेटरी काकांशी मी जरा हुज्जत घातली, मग सोडून दिलं, कारण एकाला दिलं की उद्या वरच्या मजल्यावर जांभळी बाल्कनी होणार हे त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. दुसरं उंबऱ्याचं. तो काढून गडद दगडाचा बसवायचा तर ती 'तोडफोड' ठरते. त्याचा अर्ज वेगळा, डिपॉझिट पंचवीस हजार, आणि पुन्हा पुढची बैठक. मग उंबरा तसाच ठेवून त्याच्या कडेला दोन इंची तपकिरी अँटीस्किड पट्टी लावायचं ठरवलं. बोहरी आळीत मिळाली, साडेतीनशे रुपयांत काम झालं. टाइलवर ऑइलपेंट मारू असं मुकादम म्हणत होता; गुळगुळीत टाइलवर, तेही पायाखाली, तो टिकत नाही.

मुकादमाचे दर दोन प्रकारचे असतात, मालासकट किंवा नुसत्या मजुरीवर. आम्ही मजुरीवर दिलं, चौरस फुटाला ११ रुपये: जुनी भिंत घासणे, लागेल तिथे लांबी (पुट्टी) भरणे, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन. हॉल, पॅसेज आणि बाबांची खोली मिळून मोजमाप १,४५० चौरस फूट भरलं, म्हणजे १५,९५० रुपये. मोजताना स्वतः टेप धरा आणि दारं-खिडक्या वजा होणार की नाही हे आधी बोला, कारण बरेच जण करत नाहीत. चौकटींची मजुरी वेगळी, १,५००. माल मी दुकानातून बिलावर घेतला, ११,४०० रुपये. रंगावर १८ टक्के जीएसटी असतो तो यात आला. डबे सीलबंद येतात आणि किती लागला ते आपल्या डोळ्यांसमोर राहतं. शेड मिसळलेला डबा दुकानदार परत घेत नाही, म्हणून आधी थोडा कमीच आणला. दोन हातांना लिटरमागे साधारण सव्वाशे-दीडशे चौरस फूट धरतात.

आता पेंटर. दिवाळीआधी कुणी मिळणार नव्हतंच. दिवाळीनंतर मुकादमाची बिहारची माणसं छठपूजेला गावी, ती परतली तेव्हा १४ नोव्हेंबर उजाडला. आई-बाबांना नणंदेकडे पाठवलं. धुळीत आणि वासात त्या वयाच्या माणसांनी राहू नये, आणि सामान हललेल्या घरात बाबा पडण्याचीच भीती जास्त. मग २० तारखेला विधानसभेचं मतदान, म्हणून मुकादम स्वतः नांदेडकडे गेला आणि त्या दिवसांत पोरांना काय सांगायचं ते माझ्यावर आलं. माझं हिंदी त्यांनी सहन केलं.

घासकाम हा सगळ्यात वाईट भाग. पांढरी पूड कपाटाच्या कुलपाच्या भोकातसुद्धा जाते. देव्हारा आधी पूर्ण रिकामा करून दुसऱ्या खोलीत न्या, पंख्यांना पिशव्या बांधा, पुस्तकांवर ओली चादर नको, प्लास्टिकच घाला. एसीच्या जाळ्या झाका.

"भाभी, एक दीवार डार्क कर दो, अभी वही चलता है," असं त्यातला थोरला पेंटर रोज म्हणायचा. एक भिंत गडद करण्याची फॅशन मला मुळात पटत नाही. दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये ती भिंत तुमच्या अंगावर येते, आणि दोन वर्षांनी कंटाळा आला की पुन्हा हेच सगळं. साठ-तीस-दहाचं सूत्र सगळे सांगतात, साठ टक्के मूळ रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के ठळक. ठीक आहे, पण तो दहा टक्के नेमका कुठे घालायचा हे सूत्र सांगत नाही. आमच्याकडे उत्तर सोपं होतं: जिथे बाबांचा हात किंवा पाय जातो तिथे. बाथरूमच्या दाराची चौकट. त्यांच्या खोलीच्या दाराची चौकट. पॅसेजमध्ये पांढऱ्या स्विचबोर्डाच्या भोवती एक आडवा विटकरी आयत, पंधरा इंच बाय दहा. त्यांची खुर्ची. कमोडची सीट, जी पांढऱ्यावर पांढरी होती. गडद सीट नऊशेला मिळाली. एवढंच.

तो आयत आखताना मी शेजारी उभी होते. पेंटरने लेव्हल पट्टी धरून पेन्सिलने रेघ मारली, मास्किंग टेप लावली आणि टेपच्या कडेवर आधी भिंतीचाच पांढरा एक पातळ हात फिरवला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, टेपखाली जे झिरपायचं ते पांढरं झिरपू दे. ते वाळल्यावर विटकरीचे दोन हात, आणि दुसरा हात ओलसर असतानाच टेप तिरकी, हळू ओढून काढली. कड सुरीने कापल्यासारखी आली.

चौकटींचा ऑइलपेंट एक डबा पुरला नाही. दुसरा डबा त्याच नंबरचा आणला तरी तो केशरीकडे झुकला. दुकानदार मानेना. पहिल्या डब्याच्या झाकणावरचं मिश्रणाचं स्टिकर नेऊन दाखवल्यावर कळलं की बेस, म्हणजे ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग, वेगळा घेतला होता. मग बदलून दिला. ही स्टिकरं फाडून टाकू नका, फोटो काढून ठेवा. आणि दोन डबे लागणार असतील तर वापरण्याआधी एका बादलीत एकत्र करून घ्या.

विटकरी निवडण्यात आणखी एक सोय होती. अशा मातकट लाल-पिवळ्या रंगांत लोहाचे ऑक्साइड असतात, ते खालचा रंग चांगला झाकतात. झगझगीत पिवळा किंवा लालभडक घेतला असता तर तीन-चार हातांशिवाय खालचं पांढरं लपलं नसतं.

नोव्हेंबर संपता संपता पेंटर गेले. कापडाचं काम त्यानंतर केलं, मुद्दामच. भिंत वाळल्यावर रंग थोडा गडद होतो, त्याच्याशी कापड जुळवायचं तर प्रत्यक्ष कार्ड घेऊन जावं लागतं. लक्ष्मी रोडवर डाळिंबी खण घेतला. खणाचा पन्हा कमी असतो, त्यामुळे सोळा इंची अभ्र्याला कापड किती लागेल ते शिंप्याला विचारून मगच घ्या. तो पहिल्या धुण्यात रंग सोडतो, वेगळा भिजवा. कापड आणि शिलाई मिळून ३,२०० झाले. बाबांची खुर्ची विटकरी जाड सुती कापडात नव्याने मढवून घेतली, ३,८००. पडदे बदामीच ठेवले, पश्चिमेच्या उन्हात कुठलाही गडद पडदा वर्षभरात विटतो.

सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास. त्यातले ठळक रंगावर दहाएक हजार, बाकी पांढऱ्यावर आणि दिव्यांवर.

बाबा घरी आले, पॅसेजमध्ये थांबले आणि म्हणाले, "डेपो झालाय." पण त्याच रात्री बाथरूमला जाताना भिंत चाचपडली नाहीत, हे आईंनी सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. उंबऱ्याच्या पट्टीवर ते आता पाय टेकवून थांबतात, मग उतरतात.

जानेवारीत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर दोन-तीन दिवसांनी लेकीच्या टेबलामागे लावलेलं ते कार्ड बघून त्यांनी विचारलं, "हा मोरपंखी कधी आणलास?" तिने माझ्याकडे जे बघितलं ते बघण्यासारखं होतं. भिंग बदललं की निळे-हिरवे एकदम लख्ख होतात, आणि चौकटी त्यांना आता थोड्या भडक वाटतात. बदलू का विचारलं तर नको म्हणाले, डावा डोळा अजून बाकी आहे.

डिपॉझिटचा चेक फेब्रुवारीत मिळाला, साडेचार हजारांचा. मागच्या लिफ्टमध्ये रंगाचे शिंतोडे उडाले म्हणून पाचशे कापले. शिंतोडे निळे होते, आमच्या कामात निळा नव्हताच, पण काम सुरू होण्याआधीचा लिफ्टचा फोटो माझ्याकडे नव्हता. तुम्ही काढून ठेवा, तारखेसकट.